बटाटा, नीरा आणि सुरण

आमच्याकडे विज्ञानाचं पुस्तक हिंदीत, घरात मराठी, आणि सातपुडा चढून थोडं वर गेलं की गोंडी कानावर पडते. 1956 साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर आणि सारा विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मात्र मध्य प्रदेशात राहिला. त्याच्याबरोबर सौंसर आणि पांढुर्णाही इकडेच राहिले. 2023 मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. संत्री, कापूस आणि तुरीचा हा मुलूख. बाहेरच्या लोकांना तो आठवतो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीवरच्या गोटमारीमुळे. एरवी आमची चौकशी कोणी करत नाही, आणि आम्हालाही त्याचं फारसं दुःख नाही.

या भागातल्या शाळेत मी विज्ञान शिकवत आले. शिकवताना मला सर्वांत जास्त हाताशी आल्या त्या इंदूरला जन्मलेल्या दोन मराठी बहिणी. थोरली दुर्गा भागवत. धाकटी कमला, लग्नानंतरच्या डॉ. कमला सोहोनी. दुर्गाबाईंचं नाव मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. कमलाबाईंचं बऱ्याचदा सांगावं लागतं, आणि विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला ते सांगताना थोडा रागही येतो.

वर्गात ‘शास्त्रज्ञ’ म्हटलं की पोरांच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या केसांचा कुणी गोरा माणूस उभा राहतो. त्याची यंत्रं आमच्या प्रयोगशाळेत नसतात, त्याची समीकरणं परीक्षेपुरती पाठ होतात. कमलाबाईंचं तसं नाही. त्यांनी आयुष्यभर ज्या पदार्थांवर काम केलं ते बहुतेक सौंसरच्या आठवडी बाजारात मिळतात: डाळ, दूध, बटाटा. आणि जो बाजारात मिळत नाही तो सिंदीच्या झाडावर लटकवलेल्या मडक्यात मिळतो.

आधी त्यांचा बंगळूरचा किस्सा, कारण तो मुलींना सांगावाच लागतो. कमलाबाईंचे वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने पास झाल्यावर मुलीने 1933 मध्ये तिथेच अर्ज केला. गुण भरपूर, घरातली दोन माणसं त्याच संस्थेची, त्यामुळे प्रवेश मिळणार हे तिने गृहीतच धरलं होतं. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन, 1930 चे नोबेल विजेते. त्यांनी अर्ज फेटाळला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती.

वडील-काकांनी रदबदली करून पाहिली, उपयोग झाला नाही. मग कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या आणि कारण लेखी द्या म्हणून संचालकांसमोर उभ्या राहिल्या. काळ गांधींचा होता. सत्याग्रह करायला मिठागरच लागतं असं नाही, संचालकांची खोलीही चालते. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरलं जाणार नाही, काम बघून पुढचं ठरेल. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करावं लागेल. आणि आपल्या असण्याने प्रयोगशाळेतल्या पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही! हा अपमान आहे हे त्यांना कळत होतं. उतारवयात त्यांनी तो जाहीरपणे बोलूनही दाखवला. तेव्हा मात्र त्या गप्प बसल्या आणि अटी मान्य केल्या.

मार्गदर्शक मिळाले श्रीनिवासय्या, कामाला कडक आणि शिकवायला मोकळे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम केलं. देशातल्या बहुतेकांना प्रथिनं मिळतात ती वरण-उसळीतूनच, तेव्हा हा प्रश्न कोणी तरी हातात घ्यायलाच हवा होता. वर्ष संपलं. रामन यांचं समाधान झालं आणि पुढच्या वर्षापासून संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. वर्गात मी एवढं सांगून थोडा वेळ थांबते. रामन यांचा फोटो आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर आहे, तो उतरवा असं मी कधी म्हटलं नाही. प्रकाशाच्या विकिरणाचा धडा शिकवताना मी त्यांचं नाव आदरानेच घेते. पण मोठा माणूस एखाद्या बाबतीत अगदी कोता असू शकतो, हेही मुलींना माहीत असलेलं बरं. पुढे नोकरीत उपयोगी पडतं.

1937 मध्ये कमलाबाई शिष्यवृत्तीवर केंब्रिजला पोचल्या. प्रवेशाची मुदत उलटून गेली होती. जैवरसायन विभागाचे प्रमुख सर फ्रेडरिक हॉपकिन्स, जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी 1929 चं नोबेल मिळवलेले. ते म्हणाले, प्रयोगशाळेत जागा असेल तर या. पण जागा नव्हतीच. तेव्हा डेरेक रिक्टर नावाच्या संशोधकाने आपलं टेबल दिवसभरासाठी त्यांना देऊ केलं आणि स्वतः रात्री काम करायचं ठरवलं. बंगळूरला त्यांना रात्री काम करण्याची अट घातली गेली होती, इथे त्यांच्यासाठी दुसऱ्याने रात्र पत्करली.

रिक्टर पुढे दुसरीकडे गेले आणि कमलाबाई रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या पेशींवर काम करू लागल्या. इथे बटाटा येतो.

बटाट्याची चकती कापायची आणि तिच्यावर औषधाच्या दुकानात जखम धुवायला मिळतं त्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन थेंब टाकायचे. क्षणात पांढरा फेस उसळतो. मागच्या बाकावरचा पोरगा हमखास ओरडतो, “मॅडम, हा तं जिता हाय!” खरंच जिता आहे. बटाट्यातलं कॅटलेज नावाचं विकर पेरॉक्साइड फोडून पाणी आणि ऑक्सिजन वेगळं करतं, तो ऑक्सिजन म्हणजे हा फेस. तीच चकती उकडून पुन्हा थेंब टाकले तर काही होत नाही, कारण उष्णतेने विकर बिघडलेलं असतं. कमलाबाईंना बटाट्यात जे सापडलं ते कॅटलेज नव्हे, सायटोक्रोम सी. पण दोघांच्याही पोटात लोह धरून ठेवणारा ‘हीम’ नावाचा गट असतो, म्हणून एका थेंबाने वर्ग जागा करून मी त्या दुसऱ्याकडे वळते.

सायटोक्रोमचं काम असं. पेशी अन्नातून ऊर्जा काढते तेव्हा इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जातात. इमारतीवर विटा चढवताना मजुरांची रांग वीट हातोहात पुढे सरकवते तसे. रांगेच्या शेवटी ऑक्सिजन उभा असतो. सायटोक्रोम सी हा त्या रांगेतला एक मजूर, शेवटाच्या जवळचा. डेव्हिड केलिन यांनी 1925 मध्ये केंब्रिजमध्येच प्राण्यांच्या पेशींतल्या सायटोक्रोमचा छडा लावला होता. कमलाबाईंनी बटाट्यात सायटोक्रोम सी दाखवला आणि वनस्पतींच्या पेशीही श्वास घेताना तीच वाट वापरतात हे पुढे आलं. पोत्यातला बटाटा आणि तो खाणारा माणूस यांच्या श्वासाची यंत्रणा आतून सारखी आहे. आमच्या मुलांना हे ऐकून मोठी मौज वाटते. त्यातल्या काहींच्या घरी त्या वेळी बटाटा उकडत असतो.

1939 मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. जाडजूड प्रबंध वजनावर तोलणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आणि केंब्रिजचंही फार कौतुक करायला नको. त्या विद्यापीठाने स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीची पूर्ण पदवी द्यायला 1948 साल उजाडू दिलं. तोवर बायकांना मिळे ती नावापुरती पदवी, विद्यापीठाच्या कारभारात हक्क नाही. बंगळूरमध्ये मुलगी आत आली तेव्हा केंब्रिजचं अर्धं दार बंदच होतं.

सामान्यज्ञानाच्या पुस्तकात हे सगळं एका ओळीत येतं: विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय महिला कोण? एक गुण. चाणाक्ष विद्यार्थी त्यावर वादही घालतो, आणि त्याचं चूक नसतं. केरळच्या जानकी अम्माळ यांना अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने 1931 मध्येच डॉक्टरेट दिली होती. वनस्पतींच्या गुणसूत्रांवर काम करणाऱ्या या बाईंनी पुढे कोइमतूरला उसावर मोठं संशोधन केलं. भारतातल्या विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवणारी पहिली स्त्री म्हणून कोलकात्याच्या असीमा चॅटर्जी यांचं नाव येतं, साल 1944. म्हणजे पदवीचं नाव आणि देश बदलला की पहिला नंबर बदलतो. मला या शर्यतीचा कंटाळा आहे. ‘पहिली’ म्हणून टाळी वाजली की माणसं पुढचं विचारायचं विसरतात: मग त्या बाईने केलं काय?

केलं ते असं. मायदेशी परतून त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात जैवरसायनाच्या नव्या विभागाच्या प्रमुख झाल्या, तिथून कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत गेल्या. 1947 मध्ये माधव सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि मुंबई आली. तिथल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी विद्यार्थी घडवले आणि घरोघरच्या ताटात काय आहे ते शोधत राहिल्या.

कच्च्या कडधान्यांत आणि काही भाज्यांत एक खोडसाळ पदार्थ असतो. आपल्या पोटात प्रथिनं फोडणारं ट्रिप्सिन नावाचं विकर आहे, त्याला तो अडवतो. म्हणजे प्रथिनं ताटात आहेत, पोटातही गेली, पण अंगी लागली नाहीत. भारतीय अन्नपदार्थांतल्या या ट्रिप्सिन-रोधकांचा अभ्यास कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पन्नाशीच्या दशकात केला. त्यात वालही होते, म्हणजे हिवाळ्यात आमच्याकडे ज्या पोपटीच्या शेंगा येतात त्यांचेच भाऊबंद. शिजवल्यावर हा रोधक बराचसा निकामी होतो. आजी कडधान्य भिजत घालायची, मोड आणायची, पुरतं शिजवायची, आणि कच्चे दाणे खाणाऱ्या पोराच्या पाठीत धपाटा घालायची. धपाट्यामागचं रसायन तिला ठाऊक नव्हतं. आता आमच्या शिवारात सोयाबीन आलं आहे, त्याच्या कच्च्या दाण्यात तर हा रोधक भरपूर. जनावराला कच्चं सोयाबीन मोकळ्या हाताने घालू नये, हे मी पालकसभेत सांगते. पालकांना प्रगतिपुस्तकापेक्षा त्यातच जास्त रस असतो.

मग नीरा. सातपुड्याच्या पायथ्याला, नाल्यांच्या काठाने, शेतांच्या बांधावर सिंदीची झाडं आहेत. पानांचे झाडू होतात, फळं पोरं खातात आणि थंडीत शेंड्याला खाच देऊन रस काढतात. रात्रभर मडक्यात थेंब थेंब साठलेला हा रस उजाडायच्या आत उतरवला तर नीरा: गोड, गार, निर्मळ. मडक्याला आतून चुना लावलेला असेल तर ती जरा जास्त टिकते. चुना नसला आणि ऊन चढलं की हवेतलं यीस्ट साखरेवर तुटून पडतं आणि दुपारपर्यंत तिची नशा आणणारी सिंदी होते. शाळेत आंबवण्याची क्रिया शिकवायला याहून सोपं उदाहरण नाही. फक्त ते वर्गात आणता येत नाही, मुख्याध्यापक नको म्हणतात.

राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी सुचवल्यावरून कमलाबाईंनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. नीरेत अ आणि क जीवनसत्त्वं आहेत, लोह आहे, आणि तिचा गूळ किंवा काकवी केली तरी त्यातला पोषक भाग टिकतो, असं त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं. कुपोषित आदिवासी मुलामुलींना आणि गरोदर बायांना रोजच्या जेवणात नीरा दिली तर प्रकृती सुधारते हेही त्यांनी नोंदवलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. पण ज्या झाडाखाली दारू मिळते त्या झाडाचं अन्न म्हणून नाव घ्यायला लोक कचरतात. आमच्याकडे अजूनही सिंदी म्हटलं की माना खाली जातात. वासराला दूध पाजणाऱ्या गायीइतकंच ते झाड बांधावर उभं राहून पोसायला तयार आहे, आपणच पहाटे उठत नाही.

कमलाबाईंच्या मुंबईतल्या संस्थेचं संचालकपद मात्र बरीच वर्षं त्यांच्यापर्यंत आलं नाही. पात्रता होती, पद मिळायला उशीर झाला. पुढे मिळालं. दिल्लीच्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला त्यांची आठवण झाली तेव्हा त्या ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या. गौरवासाठी बोलावलं, त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या. ते 1998 साल होतं.

आता थोरलीकडे. कमलाबाई नळ्या-चंबूंत रमल्या, दुर्गाबाईंना रान हवं होतं. समाजशास्त्राच्या अभ्यासासाठी त्या जुन्या मध्य प्रांतातल्या आदिवासी मुलखात हिंडल्या. गोंडांमध्ये राहिल्या, सातपुड्याच्या खोऱ्यांतली लोकगीतं गोळा करून मुंबई विद्यापीठाच्या संशोधनपत्रिकेत छापली. एकट्या बाईने, त्या काळात, रस्ते नसलेल्या डोंगरात. आजही आमच्याकडून तामिया-पातालकोटकडे एकटी मुलगी निघाली तर घरचे चार फोन करतात.

त्या भटकंतीत त्यांच्या खाण्यात विषारी सुरण आला. सुरणाच्या गाभ्यात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून घसा खाजतो, म्हणून आपण त्यात चिंच घालतो. रानटी सुरणाची गोष्ट त्याहून वाईट. रानातली माणसं कुठला कंद खायचा, कुठला किती धुवायचा, कुठल्याला हात लावायचा नाही, हे पिढ्यान्पिढ्या जाणतात. पाहुण्याला ते एका जेवणात कळत नाही. दुर्गाबाई जवळपास सहा वर्षं अंथरुणाला खिळल्या. डॉक्टरेट राहून गेली. बहीण अन्नातली रसायनं शोधत असताना हिचा अभ्यास अन्नानेच मोडला.

पुस्तकी हिशोबाने पाहिलं तर एक बहीण ‘पहिली’ आणि दुसरी नापास. पण अंथरुणातून उठल्यावर दुर्गाबाईंनी जे लिहिलं ते पाहा. ‘ऋतुचक्र’ 1956 चं. त्याच वर्षी आलेल्या ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ने मराठीत लोकसाहित्याकडे शास्त्र म्हणून बघायची सवय लावली. मग ‘व्यासपर्व’, मग ‘पैस’, ज्याला 1971 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. थोरोचं ‘वॉल्डन’ त्यांनी मराठीत आणलं. 1975 मध्ये आणीबाणी चालू असताना कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्या लेखनस्वातंत्र्याच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. सरकारी सन्मान त्यांनी नाकारले. ‘ऋतुचक्र’ मी जीवशास्त्राच्या तासाला वापरते. कुठल्या महिन्यात कुठलं झाड पान टाकतं आणि कुठलं फुलतं याची इतकी बारीक नोंद आमच्या पाठ्यपुस्तकात नाही. आणि म्हातारपणी या बाईने ‘खमंग’ नावाचं स्वयंपाकाचं पुस्तक लिहिलं, सुरणाने एवढं छळूनही!

दुर्गाबाईंनी भारतातल्या कोड्यांवर इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला. त्याच्या नादाने मी पोरांना आजी-आजोबांकडून कोडी आणायला सांगितली. मराठी आली, हिंदी आली, दोन गोंडी आली. ती वर्गात फक्त एका मुलीला कळली आणि त्या दिवशी तिने सगळ्यांना शिकवलं.

कमलाबाईंच्या नादाने जे केलं ते जरा महागात पडलं. मुंबईत 1966 मध्ये नऊ बायकांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहकांची संस्था काढली. कमलाबाई तिच्या कामात शिरल्या, 1982-83 मध्ये अध्यक्षही झाल्या, आणि भेसळ घरच्या घरी कशी ओळखायची हे लोकांना सांगत राहिल्या. तेच मी आठवीच्या वर्गात घेतलं. खव्यावर आयोडीनचा थेंब टाकायचा, निळा-काळा झाला तर त्यात पिष्ट आहे. तिखटाची चिमूट ग्लासभर पाण्यात सोडायची, विटेची भुकटी असली तर तळाशी बसते आणि बोटांना खरखर लागते. हळदीच्या पाण्यात जरा हायड्रोक्लोरिक आम्ल टाकायचं, हे मात्र माझ्या हाताने, पोरांनी लांब उभं राहून. रंग गुलाबी-जांभळा झाला आणि पाणी वाढवूनही तसाच राहिला तर हळदीत मेटॅनिल यलो नावाचा कापडाचा रंग मिसळलेला आहे.

पोरांनी घरून पुड्या आणल्या, पुडीवर दुकानाचं नाव लिहून. बहुतेक नमुने चांगले निघाले, काही निघाले नाहीत. दुसऱ्या बाजाराला मी हळद घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने वजनकाटा खाली ठेवला आणि हात जोडून म्हणाला, “बाई, तुमाले डब्यातली देतो, घरच्यासाठी ठेवलेली हाय. पोट्ट्यायले मात्र इकडं पाठवू नका.” मी म्हटलं, डब्यातली नको, सगळ्यांना देता तीच द्या, अर्धा पाव.